पावसाळा आला की युफोर्बिया का सडतो? दोष पावसाचा नाही, कुंडीतल्या गोळ्याचा

मे महिन्यात गॅलरीतला युफोर्बिया, म्हणजे ते काटेरी, चिकाचं झुडूप, लाल फुलांनी भरलेला असतो. जुलै उजाडतो, आणि एकेक पान पिवळं होऊन ग्रिलमध्ये पडायला लागतं. आपण पाणी कमी करतो, कोणी सांगतं म्हणून चमचाभर खत घालतो, कुंडी आत ओढतो. आठ-दहा दिवसांनी बुंध्याशी अंगठा दाबला की साल आत जाते, तपकिरी पाणी येतं, आंबूस वास येतो. झाड गेलेलं असतं. ऑक्टोबरमध्ये नवं रोप येतं आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

डोंबिवलीच्या घरात माझी सलग तीन वर्षं अशी गेली. तिन्ही वेळा मी पावसाला दोष दिला. मग गणपतीला रत्नागिरीजवळ आत्याकडे गेले होते, तिथे आवारातल्या जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणावर, हेच झाड पाहिलं. छातीएवढं उंच, भर पावसात भिजलेलं, फुललेलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आत्याला विचारलं, तू याला झाकतेस का? ती म्हणाली, "अगं, झाकतंय कोण? फांदी मोडून दगडात खोचली होती, ती लागली. पाणीसुद्धा कधी घातलं नाही."

घरी येऊन मेलेल्या रोपाची कुंडी ओतली, आणि तीन वर्षं मी काय पाहिलं नव्हतं ते हातात आलं. वरची माती भुसभुशीत. पण मध्ये नारळाएवढा चिकणमातीचा गोळा, जसा नर्सरीतून आला होता तसाच, आणि पंधरा दिवस पाणी घातलेलं नसताना आतून चिखल.

हे झाड मूळचं कुठलं, ते कळलं की गडग्याचं कोडं सुटतं. युफोर्बिया मिली हे मादागास्करचं झुडूप. तिथे ते उघड्या खडकांवर, दगडांच्या फटींत वाढतं. मिलियस नावाचे रीयुनियन बेटाचे गव्हर्नर होते. त्यांनी १८२१ साली ते फ्रान्सला नेलं, आणि १८२६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ दे मूलाँ यांनी त्याचं वर्णन करून त्यांचंच नाव त्याला दिलं. मादागास्करलाही पावसाळा आहे. म्हणजे भिजणं या झाडाला नवीन नाही. खडकाच्या फटीत पडलेलं पाणी निघून जातं आणि मुळांना हवा मिळते, गडग्यातही तेच होतं. आपल्या कुंडीत ते होत नाही.

गोळा काय करतो

नर्सरीत रोपं लांबून येतात. प्रवासात मूळ उघडं पडू नये म्हणून ती चिकट मातीत घट्ट बसवलेली असतात. वाहतुकीसाठी हे बरोबरच आहे, गोळा फुटला तर रोप वाटेतच सुकेल. चूक होते ती आपल्या घरी. आपण पिशवी फाडतो, गोळा अख्खा कुंडीत ठेवतो, भोवती चांगली हलकी माती भरतो. या दोन मातींचं जमत नाही. उन्हाळ्यात गोळा वाळून टणक होतो, पाणी त्याच्या कडेने उतरतं आणि मुळं तहानलेली राहतात. पावसाळ्यात एकदा का तो भिजला की आठवडेच्या आठवडे वाळत नाही. सगळी मुळं त्याच गोळ्यात अडकलेली असतात.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा समजली. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. पाणी गळेल, मग थेंब थांबतील. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. कुंडीतली मातीही अशीच वागते. भोक कितीही मोठं असलं तरी तळाशी एक थर ओलागच्च राहतो, आणि त्याची उंची मातीचे कण किती बारीक आहेत त्यावर ठरते. कण बारीक तर थर उंच, कण जाडे तर थर बोटभर. चिकणमाती भरलेल्या वीतभर कुंडीत बरीचशी मुळं त्या थरातच उभी असतात.

म्हणूनच "तळाशी खडे घाला, निचरा होईल" हा सल्ला उपयोगाचा नाही. खड्यांचा थर घातला की ओला थर खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. खडे घालायचेच तर ते मातीत मिसळून घाला, वरपासून खालपर्यंत. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे, तोही माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी.

ओलागच्च मातीत हवा नसते. मुळं आधी गुदमरतात, मग पिथियम आणि फायटोफ्थोरा हे रोगकारक त्यांच्यात शिरतात. यांचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, त्यामुळे साचलेलं पाणी ही त्यांची वाटच. मुळं गेली की वरचं झाड तहानेल्यासारखं दिसतं, पानं लोंबतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि आपण आणखी घालतो. बहुतेक घरांत झाड इथेच हातचं जातं.

आणि हे जुलैतच का? कारण ढगाळ दिवसांत झाड पाणीच फार कमी ओढतं. ऊन नाही, हवा दमट, पानांतून बाष्प उडत नाही. एप्रिलमध्ये जी माती दीड दिवसात वाळते ती जुलैत दहा दिवस ओली राहते, कुंडीवर पावसाचा थेंब पडला नाही तरीही. कुंडी आत ओढूनही झाड वाचत नाही ते यामुळे. आत आणल्याने ऊन आणि वारा आणखी कमी होतात, गोळा ओला तो ओलाच.

आधी निदान, मग सुरी

पान पिवळं पडलं म्हणजे झाड सडतंय असं नाही. युफोर्बियाची जुनी, खालची पानं एरवीही पिवळी होऊन गळतात. थंडीत जरा जास्त गळतात. उन्हाळ्यात पाणी फारच कमी पडलं तर झाड स्वतःहून पानं टाकतं आणि पाणी मिळालं की शेंड्याला नवी काढतं. या तिन्ही वेळी खोड कडक असतं. काळजी करायची ती शेंड्याजवळची पानं मलूल होतात तेव्हा, आणि माती ओली असूनही पानं लोंबतात तेव्हा.

मी तीन गोष्टी बघते. कबाब भाजायची बांबूची काडी मातीत तळापर्यंत खुपसते, दहा मिनिटांनी काढते. काडीला माती चिकटली किंवा ती ओलसर लागली तर पाण्याला हात लावत नाही. वरची माती बोटाने बघून काही कळत नाही, कारण ती वाऱ्याने वाळलेली असते. मग बुंध्याशी, काट्यांच्या मधल्या जागेत, अंगठा दाबते. कडक लागला तर ठीक. सुरकुतलेला पण कडक असेल तर तहान. मऊ लागला तर सड. तरी शंका राहिलीच तर शंका असलेल्या फांदीला सुईने टोचते. जिवंत फांदीतून लगेच पांढरा चीक येतो. मेलेली फांदी कोरडी राहते.

शेजारच्या काकूंचं झाड मात्र एप्रिलमध्ये सडलं आणि मी चक्रावले. भर उन्हाळा, पाणी त्या आठवड्यातून दोनदाच घालायच्या. काडी घातली तर माती चिंब. शेवटी दुपारी त्यांच्या गॅलरीत बसून पाहिलं, तर वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी थेट त्या कुंडीत ठिबकत होतं. अवेळी सड दिसली की आधी मान वर करून बघा, मग कुंडीखालची ताटली बघा. ताटलीत उभं राहिलेलं पाणी माती खालून शोषत राहते. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवाव्यात.

सड लागलीच असेल तर

बुंधा मऊ झाला असेल तर तो बुंधा वाचत नाही, हे मान्य करून मोकळं व्हा. पण वरच्या फांद्या बहुतेक वेळा वाचतात, आणि एका झाडाची चार झाडं होतात. उशीर करू नका, सड वर चढत असते.

पण हात लावण्याआधी चिकाबद्दल सांगते, कारण इथे मला कोणाचीही घाई नको आहे. हे झाड एरंडाच्या कुळातलं, कुंपणाला लावतात त्या शेराचं सख्खं भावंड. चीक तसाच दाहक. कातडीला लागला तर आग होते, फोड येऊ शकतात. डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. जाड रबरी हातमोजे, लांब बाह्या आणि डोळ्यांवर गॉगल किंवा साधा चष्मा तरी हवाच. छाटणी चालू असताना कपाळावरचा घाम हाताने पुसू नका. कातडीला लागला तर साबणाने धुवा. डोळ्यात गेला तर लगेच नळाच्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, "बघू सकाळी" म्हणून थांबू नका. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर काम संपल्यावर खालचे तुकडे आणि कागद गोळा करून पिशवीत बांधूनच टाका.

आता काम. जुनी वर्तमानपत्रं अंथरा. सुरी स्पिरिटने पुसून घ्या. मऊ भागाच्या बरंच वर काप घ्या आणि कापलेला भाग नीट बघा. सगळीकडून चीक पाझरतोय आणि आतला गाभा स्वच्छ, पांढरट-हिरवा आहे, तर तिथे थांबा. तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर सुरी पुसा आणि आणखी दोन बोटं वर कापा. डाग राहिलेली फांदी लावली तर ती नक्की सडते. मला मन होत नव्हतं म्हणून मी एकदा तसंच लावलं, आणि पंधरा दिवसांत तीही फांदी गेली.

चांगली फांदी आठ-दहा सेंटिमीटरची पुरते. कापलेलं टोक गार पाण्याखाली धरा, चीक थांबतो. खालची पानं आणि फुलं काढून टाका. मग ती फांदी लगेच लावू नका. सावलीत, वाऱ्यावर, कागदावर नुसती ठेवून द्या. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत टोक सुकून खरखरीत होतं. पावसाळ्यात दहा दिवसही लागतात, म्हणून मी पंख्याखाली ठेवते. या काळात फांदी जराशी सुरकुतते. घाबरू नका, तिच्या अंगात पाणी असतं.

टोकाला हळद किंवा दालचिनीची पूड लावावी असं सगळे सांगतात. लावायला हरकत नाही. पण मी लावून आणि न लावून दोन्ही पाहिलं, मला फरक दिसला तो फक्त टोक पुरेसं सुकण्याचा. बुरशीनाशकाचंही सांगते. दुकानात मागितलं की बऱ्याचदा कार्बेन्डाझिम हातात देतात. ते अनेक बुरशींवर चालतं, पण पिथियम आणि फायटोफ्थोरावर चालत नाही, कारण हे खऱ्या बुरशींच्या गटातलेच नाहीत. त्यांच्यासाठी मेटॅलॅक्सिल असलेलं औषध लागतं. तरी गोळा जागेवर ठेवून कुठलंही औषध ओतलं तर सड परत येणार.

सुकलेली फांदी जाड्या वाळूत दोन बोटं खोचा, काठीचा आधार द्या, वाळू जेमतेम ओलसर ठेवा. वरून प्लास्टिक झाकू नका. गुलाबाच्या फांदीला ते चालतं, इथे कुजवतं. चार ते सहा आठवड्यांत मुळं फुटतात. फांदी उपटून बघायची गरज नसते, शेंड्याला नवं कोवळं पान दिसलं की समजायचं.

गोळा कधी आणि कसा फोडायचा

खरा उपाय हाच आहे, आणि तो जुलैत करायचा नसतो. फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत कधीही करा, म्हणजे मृगाचा पाऊस यायच्या आत नवी मुळं स्थिरावतात. ऑक्टोबरचं ऊनही चालतं.

रोप कुंडीतून काढून गोळ्यासकट बादलीभर पाण्यात तासभर ठेवा. चिकणमाती सैल होते, मग बोटांनी हळूहळू सोडवा. मुळांना जाळी गुंडाळलेली सापडली तर ती कात्रीने कापून काढा. शेवटी मुळं मगभर पाण्याने धुवा. काळी, पोकळ, ओढली की साल सुटणारी मुळं कापून टाका. एवढं करताना थोडी चांगली मुळंही तुटतात. म्हणून रोप लगेच लावत नाही, एक-दोन दिवस सावलीत ठेवून जखमा सुकू देते. मग कोरड्या मिश्रणात लावते आणि चार-पाच दिवसांनी पहिलं पाणी. या पंधरवड्यात काही पानं पडतील. पडू द्या.

मिश्रण मी असं करते: एक भाग लाल माती, एक भाग जाडी वाळू किंवा बारीक खडी, एक भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, आणि अर्धा भाग गांडूळखत. घाटावर काळी माती सहज मिळते, पण ती या झाडाला नको, ती पाणी धरून फुगते. वाळूबद्दल एक सांगायला हवं. बांधकामावर मिळणारी क्रश सँड तशीच वापरली तर तिच्यातली दगडाची पूड मातीला सिमेंटसारखी आवळते. चहाच्या मोठ्या गाळणीने चाळा, पूड टाकून द्या, वर उरतं तेवढंच घ्या आणि धुऊन वापरा. समुद्रावरची वाळू नको. ती फार बारीक असते आणि खारटही. मिश्रण बरोबर झालं की नाही ते असं बघायचं: ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. ढेकूळ लगेच विस्कटलं पाहिजे.

कुंडी साधी, न रंगवलेली मातीची. तिच्या अंगातूनही पाणी उडतं. आकार मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन-तीन बोटं मोठा, जास्त नाही. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहते आणि तिच्यातलं पाणी ओढायला तिथे मुळंच नसतात.

हे सगळं एका प्रकाराबाबत जास्तच कडकपणे करावं लागतं. मोठ्या पानांचे, जाड खोडाचे, रुपयाएवढ्या नि त्याहून मोठ्या फुलांचे जे युफोर्बिया नर्सरीत मिळतात, ते थायलंडमधले. मिली आणि लोफोगोना या दोन जातींच्या संकरातून ते आले. तिकडे त्यांना पोईसियान म्हणतात, म्हणजे चिनी परंपरेतले आठ अमर. एका गुच्छात आठ फुलं आली तर घराला भाग्य येतं असं तिथे मानतात. आपल्याकडे काटेरी आणि चिकाचं झाड घरात नको म्हणणारी मंडळी पुष्कळ, माझ्या सासूबाईही त्यातल्याच. त्यांना हे सांगितल्यापासून त्या गुच्छातली फुलं मोजतात. हे थाई प्रकार देखणे, पण खोडात पाणी जास्त असल्याने लवकर सडतात. पहिल्यांदाच लावणार असाल तर बारीक खोडाचा, लहान लाल फुलांचा जुना प्रकार घ्या. आत्याच्या गडग्यावरचा तोच आहे.

सड नसताना येणाऱ्या तक्रारी

पानं भरपूर, फुलं नाहीत: ऊन कमी. रोज चार-पाच तास थेट ऊन लागतंच. आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरी फुलं मधोमध इवलीशी, आणि हा रंग उन्हाशिवाय भरत नाही. नत्र जास्त असलेलं खतही नुसती पानं वाढवतं.

खालून खोड उघडं पडलं: तिथे पुन्हा पानं येत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंडे छाटा, कापाच्या खालून फांद्या फुटतात.

कापसासारखे पांढरे पुंजके: पिठ्या ढेकूण. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारा. फुलांवर मुंग्या दिसल्या तर त्या मधासाठी येतात, काळजी नाही. पण मुंग्या मातीत ये-जा करत असतील आणि झाड कारण नसताना खंगत असेल, तर कुंडी ओतून बघा. मुळांवरही पिठ्या असतो, आणि तो वरून दिसत नाही.

नागपूर-अकोल्याकडे मेमधलं दुपारचं ऊन पानं करपवतं, तिथे दुपारपुरती सावली द्या. परदेशात थंडी दहा अंशांच्या खाली जाते तिथे झाड आत घ्या, सर्वांत उजेडाच्या खिडकीत, आणि पाणी महिन्यातून एकदोनदाच.

गोळा फोडून लावलेली माझी दोन झाडं गेले दोन पावसाळे ग्रिलमध्येच आहेत, झाकण नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या ताटल्या काढते, खत बंद करते, आणि दोन कुंड्यांमध्ये वारा खेळेल एवढं अंतर ठेवते. सप्टेंबरअखेर काडी कोरडी आली की पहिलं पाणी, आणि त्यानंतर आठवड्याने मूठभर गांडूळखत.